देवाचं तिकीट आणि लेकीचा थांबा

(वय आणि प्रवासाची आवड या विषयावर आधी नांदेडला आणि नंतर लातूरला व्याख्यान झालं. हे लातूरच्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

याच विषयावर मी गेल्या आठवड्यात नांदेडला बोललो. तिथं बोललो तेच आज इथं बोलायचं, असं ठरवून निघालो होतो. एका व्याख्यानात दोन गावं करणं ही आम्हा बोलणाऱ्या लोकांची जुनी सवय आहे. (हशा) पण ते आता जमणार नाही. नांदेडच्या एका श्रोत्यानं दोन मिनिटांत माझी मांडणी मोडून टाकली. त्यामुळं आज मी तुमच्यापुढं मोडलेली मांडणी घेऊन उभा आहे. ती का मोडली, हेच सांगणार आहे.

नांदेडला मी काय म्हणालो होतो? लहानपणी माणसाला मामाचं गाव पुरतं. विशीत डोंगर आणि समुद्र हवा असतो, तोही मित्रांसोबत, घरच्यांशिवाय. लग्न झालं की थंड हवेचं ठिकाण. चाळिशीत लेकराबाळांना घेऊन तिरुपती, जमलं तर परत येताना हैदराबादला चारमिनार. पन्नाशीनंतर ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना परदेश. आणि साठीनंतर तीर्थयात्रा. झाली शिडी तयार. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रकंही अशीच असतात, बघा. हनिमूनच्या सहली वेगळ्या, कुटुंबाच्या वेगळ्या, ज्येष्ठांच्या वेगळ्या. आपली जुनी आश्रमव्यवस्थाच रंगीत कागदावर छापलेली आहे. संन्यासाश्रम तेवढा गाळलाय, कारण संन्याशाला सहल विकता येत नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी एक गृहस्थ उठले. एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता म्हातारी माणसं देवाला जातात. मी तिकिटं फाडलीत, मला विचारा. म्हातारी माहूरचं तिकीट मागते आणि भोकरला उतरते. मी म्हणतो, आजी, रेणुकामाता अजून लई लांब आहे. ती म्हणते, माहीत आहे रे बाबा, लेक दिलीय इथं." सभागृह हसलं. ते हसले नाहीत. पुढं म्हणाले, "घरी सांगून निघायला देव लागतो. लेकीकडं जाते म्हटलं, तर सून म्हणते, मागच्याच महिन्यात गेला होता ना. देवाला जाते म्हटलं की कुणी काही बोलत नाही."

मी पुस्तकांवर बोलणारा माणूस. माझ्या शिडीचा पाया पुस्तकांचा होता, माणसांचा नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणून घरी जाऊन तीच पुस्तकं पुन्हा काढून बसलो. आणि गंमत अशी, की पुस्तकांतही ती शिडी नाही. ती मीच लावली होती.

आपलं सगळ्यात लाडकं प्रवासवर्णन घ्या. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई'. पुस्तक १९६० सालचं, पु. लं.चा जन्म १९१९ चा. म्हणजे लिहिणारा चाळिशीचा. हे पुस्तक वाचताना आपण खळखळून हसतो. कशाला हसतो? एका माणसाच्या सवयी पक्क्या झालेल्या आहेत. चहा कसा हवा, जेवण कसं हवं, गप्पा कशा हव्यात, हे ठरून गेलेलं आहे. असा माणूस परक्या देशात जातो आणि पावलोपावली त्याच्या सवयींना ठेच लागते. विशीतल्या पोराला हे पुस्तक लिहिता आलं नसतं, कारण त्याला ठेच लागायला आधी सवयी लागतात. मला स्वतःला 'पूर्वरंग' जास्त आवडतं, १९६३ चं. तिथं ते तुलना कमी करतात आणि बघतात जास्त. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की 'अपूर्वाई' इतकं गाजलं, की मराठी प्रवासवर्णनाचा आवाजच चाळिशीचा झाला. थोडा मिस्कील, थोडा घराची आठवण काढणारा, सोबत पत्नी असलेला. पुढं कितीतरी जणांनी त्या आवाजात लिहिलं. मीना प्रभूंसारखी डॉक्टरकी आणि संसार सांभाळून मग लिहायला लागलेली बाई वेगळा, चौकस आवाज घेऊन आली, हे मान्य. पण तीही मध्यमवयाचीच. मराठी प्रवासवर्णन हा मध्यमवयाचा वाङ्मयप्रकार आहे, आणि त्या वयानं इतर सगळ्या वयांच्या वतीनं बोलायचं स्वतःच ठरवलेलं आहे.

गोनीदांचं बघा. गो. नी. दांडेकर लहान वयात घर सोडून निघाले, हिंडले, नर्मदेची परिक्रमा केली. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली १९५७ साली, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले. पायपीट तरुणाची, शब्द मध्यमवयाचे. आणि आता काय झालंय? त्याच परिक्रमेला आपल्याकडून निवृत्त मंडळींच्या बस जातात, मुक्काम आणि नाश्त्यासह. एका बेघर तरुणाची वाट पेन्शनरांची झाली. ती वाट कोणत्या वयाची, सांगा? मी बसनं जाणाऱ्यांना हसत नाही, गुडघे माझेही दुखतात. पण "परिक्रमा ही उतारवयाची आवड" असं कुणी म्हणालं, तर त्याला गोनीदा वाचायला द्या.

यापेक्षा जुनं आणि मोठं उदाहरण आहे ते विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चं. हे पुस्तक आपण सत्तावन्नच्या उठावासाठी वाचतो, झाशीच्या राणीसाठी वाचतो. आज जरा वेगळं वाचू. वरसईचा, म्हणजे पेण तालुक्यातल्या एका गावचा तिशीच्या आतबाहेरचा भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी आली आणि हा निघाला. सोबत वडीलधारे काका. आता मला सांगा, ही तरुणाची साहसाची ओढ की म्हाताऱ्याची तीर्थयात्रा? दोन्ही नाही. ही कर्जाची यात्रा आहे. वाटेत उठावात सापडला. झाशीचा वेढा आतून पाहिला. मिळालेली दक्षिणा लुटली गेली. आणि अशा धामधुमीतही त्यानं गंगेची कावड खांद्यावर घेतली, ती चालत कोकणात घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्यानं न्हाऊ घातलं.

ह्या कावडीपाशी मी बराच वेळ थांबलो. त्याचे आईवडील काशीला गेलेच नाहीत. काशी त्यांच्याकडं आली, मुलाच्या खांद्यावरून. मग ही काशीयात्रा कुणाची? पाय तिशीतले, पुण्य साठीतलं, आणि निघायचं कारण सावकाराचं. आपल्या शिडीवर हिला कुठल्या पायरीला ठेवणार? आणि हे सगळं लिहिलं कधी? विष्णुभटांनी पन्नाशी उलटल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. छापलं गेलं १९०७ साली. म्हणजे आपण जो तरुण वाचतो, तो एका वृद्धानं आठवलेला तरुण आहे. त्याला त्या वेळी काय आवडलं होतं, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याला पुढं काय आठवावंसं वाटलं, एवढंच ठाऊक आहे.

आजही कावड चालू आहे, बरं का. नांदेडचा एखादा पोरगा काशीला जातो, घाटावरून व्हिडिओ कॉल लावतो आणि इकडं आजी मोबाईलला हात जोडते. फक्त मोबाईलची कावड खांद्याला लागत नाही.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. यांच्यापुढं तर आपली शिडी उलटी होते. तीर्थयात्रा हा म्हातारपणचा प्रवास ना? रमाबाईंचं बालपणच तीर्थयात्रेत गेलं. आईवडिलांसोबत पायी, पुराणं सांगत, क्षेत्रामागून क्षेत्र. त्या पायपिटीतच, दुष्काळात, आईवडील गेले. पुढं लग्न, वैधव्य, कडेवर लहान मुलगी, आणि मग इंग्लंड आणि अमेरिका. अमेरिकेवरचं त्यांचं पुस्तक आलं १८८९ साली, तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. ते वाचा. त्यात हौस फार थोडी आहे. शाळा कशा चालतात, बायका संघटना कशा उभ्या करतात, घरं कशी आहेत, कायदे कसे आहेत. जिनं लहानपणी देवळांच्या ओवऱ्या पाहिल्या ती मोठेपणी शाळांच्या इमारती मोजत होती. वय वाढलं म्हणून आवड बदलली, असं म्हणणं इथं फार पोकळ वाटतं. तिला काय उभारायचं होतं, ते बदललं होतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण द्यायचं तर नामदेवांचं. नर्सी इथून लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात. ज्ञानदेव आणि नामदेव मिळून तीर्थयात्रेला गेले, ते वर्णन 'तीर्थावळी'च्या अभंगांत आहे. मराठीतलं आद्य प्रवासवर्णन म्हणायला माझी हरकत नाही. त्यातला तरुण नामदेव कसा आहे? त्याला जायचंच नाही! पंढरपूर सुटतं म्हणून त्याचा जीव कासावीस होतो. ज्ञानदेवांना त्याला समजावून न्यावं लागतं. आणि हाच नामदेव पुढं, परंपरा सांगते त्याप्रमाणं, पंजाबात जातो आणि वर्षानुवर्षं तिकडंच राहतो. घुमान हे त्यांचं गाव होऊन जातं. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, ते याच नात्यानं. म्हणजे तरुणपणी घरकोंबडा आणि उतारवयात दूरदेशी. नांदेडच्या लोकांना हे सांगायला नको, कारण पंजाबची उलटी वाट त्यांच्या स्टेशनवर रोज उतरते. सचखंड एक्सप्रेस येते तेव्हा बघा. तान्हं लेकरू, त्याची आई, त्याचे आजोबा, सगळे एका डब्यातून हुजूर साहिबला आलेले. त्यात साठीचा प्रवास कोणता आणि विशीचा कोणता, ते वेगळं काढून दाखवा.

मग ही शिडी आली कुठून? माझं उत्तर आता असं आहे, की ती भाड्याच्या तक्त्यातून आली. हे थट्टेनं म्हणत नाही. सरकार हा आपल्याकडचा प्रवासाचा सगळ्यात मोठा समीक्षक आहे. कुणी कशासाठी फिरावं, यावर त्याचं ठाम मत आहे आणि ते तो पैशांत सांगतो. शाळकरी मुलाला पास मिळतो, पण घर ते शाळा एवढाच. पासष्टीनंतर एसटीत निम्मं भाडं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटी फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट निम्मं तिकीट. याच्या उलट रेल्वेनं ज्येष्ठांना असलेली सवलत मार्च २०२० मध्ये काढली, ती परत आलेली नाही. आणि २०२४ साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. साठीच्या पुढं वय, अडीच लाखांच्या आत उत्पन्न, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. ज्याला कधी जिल्ह्याबाहेर जायला मिळालं नाही, त्याला अयोध्या दिसली तर कुणाला वाईट वाटेल? पण योजनेचं नाव वाचा. तीर्थदर्शन. साठीच्या माणसाला तीर्थच पाहायचं असणार, हे त्याला न विचारता ठरलेलं आहे. आयुष्यात समुद्र न पाहिलेली म्हातारी माणसं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी समुद्रदर्शन योजना का नसावी?

यातली एसटीची सवलत मला साहित्याच्या अंगानंसुद्धा महत्त्वाची वाटते. कारण तिनं कुठं जायचं ते सांगितलं नाही. वय दाखवा आणि बसा. मग काय झालं, ते कंडक्टरसाहेबांनी सांगितलंच. लोकांनी तोंडानं देवाचं नाव घेतलं आणि उतरले लेकीच्या गावी, बहिणीच्या गावी, माहेरी. आवड कळायची तर ती तिथं कळते, उतरण्याच्या थांब्यावर. तिकिटावर तर फक्त परवानगी छापलेली असते.

खालच्या पायऱ्यांबद्दल थोडक्यात बोलतो. तुमच्या लातूरला दरवर्षी दहावी झालेली मुलं येतात. नांदेडहून, परभणीहून, बीडहून, पार विदर्भातून. 'लातूर पॅटर्न'साठी. वय पंधरा-सोळा. खोली, मेस, क्लास. त्या मुलांचा आयुष्यातला पहिला मोठा प्रवास हा आहे, आणि ट्रंक, गादी घेऊन एसटीतून उतरणाऱ्या त्या पोराला तुम्ही विचारा, तुला प्रवासात काय आवडतं? तो म्हणेल, परत जायचं. आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रकवर, ट्रॅक्टरवर बसलेली लेकरं? त्यांचं मामाचं गाव म्हणजे कारखान्याचा फड. यांच्या प्रवासाला आपण प्रवासवर्णनात धरतच नाही. त्याला आपण स्थलांतर म्हणतो आणि तो विषय समाजशास्त्राच्या प्राध्यापकांकडं देऊन टाकतो. का? कारण मराठी समीक्षेनं मान्य केलं, की प्रवास म्हणजे हौसेचा प्रवास. मग हौस कुणाला परवडते, त्याच वयाची, त्याच घरांची पुस्तकं उरतात. आणि ती वाचून माझ्यासारखा माणूस शिडी लावतो आणि म्हणतो, माणसाची आवड अशी अशी बदलते.

इथवर मी पुस्तकांआड उभा होतो. आता थोडं घरचं. माझी आई तीन यात्रांना गेली. काशी, तिरुपती आणि एकदा रामेश्वर. तिन्ही आम्ही भावांनी ठरवल्या, पैसे भरले, बसमध्ये बसवून दिलं. ती परत आली की आम्ही विचारायचो, दर्शन चांगलं झालं का? ती म्हणायची, झालं बाई एकदाचं. आम्हाला वाटायचं, किती समाधानी आहे. ती गेल्यावर एकदा लक्षात आलं, की तुला कुठं जायचंय, हा प्रश्न आम्ही तिला एकदाही विचारला नव्हता. आता तिला काय पाहायचं होतं, ते मला माहीत नाही. ती लातूर-मिरज छोट्या गाडीच्या गोष्टी फार सांगायची. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना बार्शी लाईट आठवत असेल, नॅरोगेज, कुर्डुवाडीवरून पंढरपूर. आई सांगायची ती गोष्ट कधी विठ्ठलाची नसायची. गाडीची असायची, खिडकीची असायची. आम्ही ऐकलं, पण ती काय सांगतेय, ते ऐकलं नाही.

म्हणून मावशीच्या वेळी विचारलं. मावशी बिलोलीकडच्या गोदाकाठच्या गावातली, तेव्हा शहात्तर वर्षांची. मी म्हणालो, मावशी, कुठं जायचं? ती आधी म्हणाली, तुम्ही न्याल तिथं. मी म्हणालो, तसं नाही, तुला कुठं जायचंय? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ही गंगा जाती कुठं, ते बघायचंय." आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिनं जन्मभर त्या पाण्यात कपडे धुतले, पूर पाहिला, सासऱ्याची राख सोडली. लोक त्र्यंबकला जातात, उगम बघतात. तिला दुसरं टोक बघायचं होतं.

लातूरकरांनो, ह्यात तुमचंही पाणी आहे. तुमची मांजरा बीदरकडून खाली जाते, वळून वर येते आणि कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते, मावशीच्या गावापासून फार दूर नाही. तिथून पुढं दोन्ही जिल्ह्यांचं पाणी एकच.

आता अडचण ही, की घरी सांगायचं काय? नदीचं तोंड बघायला शहात्तर वर्षांची बाई आंध्रात निघाली म्हटल्यावर लेकानं विचारलंच, "तिथं आहे काय?" मी शोधलं. गोदावरीचा एक फाटा अंतर्वेदी नावाच्या गावी समुद्राला मिळतो, आणि तिथं लक्ष्मीनरसिंहाचं मोठं मंदिर आहे. देव सापडला! परवानगी त्याच दिवशी मिळाली. एसटीची फुकट सवलत राज्याबाहेर चालत नाही आणि रेल्वेची उरली नव्हती, तेव्हा पूर्ण भाडं देऊन हैदराबादवरून राजमहेंद्रीला गेलो आणि पुढं गाडी केली.

मंदिरात गर्दी होती. तिनं हात जोडले, प्रसाद घेतला, पाचच मिनिटांत बाहेर आली आणि विचारलं, "कुठं आहे?" वाळूतून चालवत नेलं. तिथं नदी आणि समुद्र यांच्यामध्ये रेघ अशी दिसत नाही, पाण्याचा रंग थोडा बदलतो, बस. तिनं साडी थोडी वर खोचली, पाण्यात उतरली, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. "खारट झाली," म्हणाली. मग पुन्हा चार पावलं नदीच्या अंगाला सरकून दुसरी ओंजळ घेतली. असं तिनं तीन-चार ठिकाणी करून पाहिलं, कुठून खारट होते ते शोधत. तासभर लागला. मी वाळूत बसून होतो.

संध्याकाळी तिच्या लेकाचा फोन आला. मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "व्हय, झालं. नरसिंहाचं दर्शन लई चांगलं झालं." आणि फोन माझ्याकडं दिला.